व्यापारी ज्याच्यावर बोट ठेवतो तो बोकड

लग्न होऊन भूम तालुक्यातल्या या घरी आले तेव्हा वाड्यात अकरा शेळ्या होत्या, आणि त्या सगळ्या आत्याबाईंच्या. आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. रान मामांचं आणि शेळ्या आत्याबाईंच्या, अशी वाटणी कुणी केली नव्हती, पण होती. बकरी ईदच्या महिना-दीड महिना आधी व्यापारी यायचा, दारात उभा राहून नजर फिरवायचा आणि बोट दाखवायचा. "ह्यो, त्यो, आन् तिकडचा लांब कानाचा." मग रुमालाखाली हातात हात, बोटांची दाबादाबी, सौदा पक्का. मागं राहायचे ते दोन-तीन बोकड, ज्यांच्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलेलं नसायचं. त्यातलाच एखादा पुढं वर्षभर शेळ्यांवर जायचा.

यात काय चुकतंय हे कळायला मला चार वर्षं लागली. जो सगळ्यात लवकर भरला तो गाडीत चढला आणि जो रखडला त्याची पिल्लं आमच्या घरात. दर ईदला हेच. आमच्या एकट्याच्या घरी नाही, अख्ख्या गावात. म्हातारी माणसं म्हणतात, पूर्वीची शेळी मोठी होती, आता ती जात राहिली नाही. जात कुठं गेली नाही, आपणच ती निवडून निवडून विकली.

नव्यानं शेळ्या पाळणाऱ्याला शेड किती फुटांचं बांधायचं, सबसिडी कशी मिळवायची हे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी पैदाशीबद्दलच लिहिणार आहे, कारण माझं सगळ्यात जास्त नुकसान तिथंच झालं. आमच्या शेळ्या उस्मानाबादी. जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, शेळीचं नाव मात्र तेच राहिलं. बहुतेक काळ्या, काहींच्या कानावर पांढरे ठिपके, जुळं देण्यात पटाईत आणि उन्हाळ्यात बोरी-बाभळीवर निभावून नेणाऱ्या.

पहिलं काम केलं ते वही घालण्याचं आणि लटकता काटा आणण्याचं. पोत्याची झोळी करून करडू तिच्यात ठेवायचं, काटा लिंबाच्या फांदीला. आत्याबाई बघत बसल्या आणि म्हणाल्या, "कशाला तोलायलीस? नजर हाय का न्हाई तुला?" नजर होती, पण नजर फसते. व्यापाऱ्याची मात्र कधी फसत नाही, असा माझा समज होता. त्यानं बावीस किलोचा म्हणून सांगितलेला बोकड काट्यावर सव्वीस भरला तेव्हा तोही गेला. त्याची नजर चुकते, पण चुकून कधी वर जात नाही.

वहीत काय लिहायचं? आई कोण, बाप कोण, जन्मतारीख, एकटं की जुळं, जन्माचं वजन, आणि तीन महिन्यांच्या आसपासचं वजन. एवढंच. सगळी करडं एकाच दिवशी जन्मत नाहीत आणि मी तोलते एकाच दिवशी, त्यामुळं आकडे तसेच्या तसे ताडून चालत नाही. यावरचा तोडगा मला कृषी विज्ञान केंद्रातल्या एका प्रशिक्षणात कळला, आणि गंमत म्हणजे तो गाईंचा आहे. अमेरिकेत मांसासाठी गाई पाळणारी शेतकरी कुटुंबं वासरू दूध तोडताना तोलतात आणि ते वजन २०५ दिवसांच्या वयाला आणून मगच वासरांची तुलना करतात. आपल्याकडे २०१५ पासून बैल-वळूही कायद्यानं कापता येत नाहीत, त्यामुळं गाईंबाबत तो हिशेब आपल्या कामाचा नाही; पण शेळीला तो जसाच्या तसा लागू पडतो. फक्त २०५ ऐवजी मी ९० दिवस धरते. आजच्या वजनातून जन्माचं वजन वजा करायचं, वयाच्या दिवसांनी भागायचं, ९० नं गुणायचं आणि जन्माचं वजन परत मिळवायचं.

वहीतलंच उदाहरण देते. एक करडू १०० दिवसांचं, वजन १३.४ किलो, जन्माचं २.२. हिशेब केला तर ९० दिवसांना १२.२८ येतात. दुसरं ८२ दिवसांचं, वजन ११.६, जन्माचं २. त्याचे येतात १२.५४. नुसत्या डोळ्यांनी मी पहिलं ठेवलं असतं आणि दुसरं विकलं असतं.

आता माझी सगळ्यात मोठी चूक. वही सुरू केल्यावर दुसऱ्याच वर्षी एक बोकड असा निघाला की बघत राहावं. जन्मताना ३.१ किलो, ९० दिवसांना साडेपंधरा. बाकीचे बाराच्या आतबाहेर. मी हरखून गेले, त्याला नाव ठेवलं गणप्या, आणि ईदला चांगला भाव येत असतानाही दिला नाही. घरात बोलणी खाल्ली. पुढच्या वर्षी त्याची पिल्लं तोलली, तर आधीच्या बोकडाच्या पिल्लांसारखीच. कुठं गेलं ते साडेपंधरा किलो? वहीत गणप्यासमोर लिहिलेलं होतं "एकटा", आणि ते मी वाचूनही वाचलं नव्हतं. तो एकटा जन्मला म्हणून मोठा जन्मला, आणि आईच्या दोन्ही सडांचं दूध तीन महिने एकटा प्यायला. त्याचं मोठेपण आईच्या कासेतलं होतं. ते रक्तातून पुढं जात नाही.

तेव्हापासून एकट्याला एकट्याशी आणि जुळ्याला जुळ्याशीच ताडून बघते. जुळ्यातला असूनही जो एकट्यांच्या जवळ पोचतो, तो खरा. तसंच पहिल्या वेताच्या पाठीची, म्हणजे तरण्या शेळीची, करडं लहानच असतात. त्यांना दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या करडांबरोबर उभं करून नाकारू नका, पुढचा चांगला बोकड त्यातच असायचा. शिवाय एकाच हंगामातली करडं बघा. पावसाळ्यानंतर जन्मलेलं आणि मार्चमध्ये जन्मलेलं यांची बरोबरी नाही. एकाला हिरवा पाला मिळाला, दुसऱ्याला कडब्याची कुट्टी.

जुळ्यांच्या बाबतीत फार घाई करू नका. बोकड जुळ्यातला असावा, हे बरोबर. पण एक असा बोकड आणला आणि पुढच्या वर्षी सगळीकडे जुळी, असं होत नाही. हा गुण मुंगीच्या पावलानं चालतो. मेंढ्यांत एक वेगळी गोष्ट आहे. सुंदरबनातल्या गारोळ मेंढीत एकच जनुक जास्त कोकरांना कारणीभूत आहे, आणि फलटणच्या निंबकर संस्थेनं तो दख्खनी मेंढीत आणून 'नारी सुवर्णा' तयार केली. शेळीत आपल्याला असा सोपा रस्ता नाही, म्हणून वहीच.

बोकडाबद्दल एवढं लिहिलं, कारण हिशेबच तसा आहे. शेळी वर्षाला दोनेक करडं देणार. बोकड पंचवीस शेळ्यांवर असेल तर वर्षाच्या चाळीस-पन्नास करडांत अर्धं रक्त त्याचं. चांगल्या बोकडामुळं विकतेवेळी प्रत्येक करडू अर्धा किलो जरी जास्त भरलं, तरी ४५ करडांचे साडेबावीस किलो झाले. जिवंत वजनाला किलोला ४०० रुपये धरा, वर्षाचे ९,००० होतात. त्याच्या पाठी घरात राहून पुढं देत राहतात ते वेगळंच. घरी बोलणी बसतील तेव्हा हा हिशेब कागदावर मांडून दाखवा, तोंडी सांगून उपयोग नाही. मी दोन्ही करून बघितलंय.

ठेवायचे कोण, हे व्यापारी दारात यायच्या आधी ठरवायचं. एकदा का तो रुमाल काढून उभा राहिला आणि पोराच्या फीची तारीख जवळ असली, की निवड व्यापारी करतो. मी तीन महिन्यांना चार-पाच बोकड बाजूला काढते आणि आठ-नऊ महिन्यांना त्यातले दोन पक्के करते. त्यांना कानात बिल्ला. बाकीच्यांच्या गळ्यात दोरीला नंबर, कारण कान टोचलेला असला की ईदची काही गिऱ्हाइकं नाक मुरडतात. बाकीचे तीन-चार महिन्यांतच वेगळे करायचे किंवा खच्ची करून घ्यायचे. चार-पाच महिन्यांचं बोकडू तुम्हाला पोर वाटतं, पण तेवढ्यात ते आपल्याच बहिणीला गाभण घालून मोकळं होतं. माळावर चरायला सोडत असाल तर गावातल्या दुसऱ्यांचे बोकडही तिथंच असतात, त्यामुळं माजावर आलेली शेळी त्या दिवशी घरी बांधायची. माज दीड दिवसाच्या आत सरतो आणि साधारण तीन आठवड्यांनी परत येतो. चुकला तर तीन आठवडे गेले, फार काही बिघडत नाही.

पक्के करताना नुसतं वजन बघत नाही. दोन्ही अंड खाली उतरलेले आणि सारखे हवेत, हातानं चाचपून बघायचे. पाय सरळ, खूर गच्च, खालचे दात वरच्या हिरडीला बरोबर लागणारे. जबडा पुढंमागं असेल तर पाला नीट ओरबाडता येत नाही. आणि माजावरच्या शेळीकडं बघून बोकड ढिम्म उभा राहिला, तर त्याची बाकीची गुणपत्रिका काय कामाची?

शेळीच्या बाबतीत मी आत्याबाईंचं ऐकते. वहीत जे येत नाही ते त्यांना दिसतं. एकदा वजनात अव्वल असलेली पाठ मी ठेवली तर म्हणाल्या, "हिची माय पिल्लू टाकून चरायला पळायची. ही बी तसलीच निघंल." निघाली. करडू जन्मलं, उभं राहिलं, आणि ही दावं ताणून बाहेर. चीक पाजायला दोन दिवस मी आणि आत्याबाई शिंगं धरून बसलो. पहिल्या तासाभरात चीक पोटात गेला नाही तर करडाचं काही खरं नसतं, त्यामुळं मायाळू आई ही दुधाइतकीच किमती. तेव्हापासून वहीत 'आईपण' असा एक रकाना आहे आणि तो आत्याबाई तोंडी भरतात. सड फार जाड नकोत, नवजात करडाच्या तोंडात मावत नाहीत. आणि शेळी गाभण राहणार पाच महिने. तेव्हा दोन वर्षांत तीन वेतं जी देत नाही, ती दिसायला कितीही देखणी असली तरी तिला बाजार दाखवते. पुढच्या पिढीला ठेवायच्या पाठी नेहमी चांगल्या आयांच्याच.

घरचा बोकड किती दिवस वापरायचा? दीड, फार तर दोन वर्षं. त्याच्या पाठी आठ-नऊ महिन्यांत माजावर येतात आणि बाप वाड्यातच असतो. आम्ही एकदा हयगय केली तर त्या वेतात तीन करडं इतकी दुबळी जन्मली की आठवडाभरही काढला नाही. आता शेजारच्या गावातल्या दोन घरांशी आमची अदलाबदल चालते: त्यांचा बोकड आमच्याकडे, आमचा त्यांच्याकडे, वह्या दोघांच्याही उघड्या. अशी ओळख नसेल तर राज्याच्या शेळी-मेंढी विकास महामंडळाच्या प्रक्षेत्रावरून घ्या, उस्मानाबादी अंबाजोगाईला मिळते. बाजारातून पैदाशीचा बोकड आणू नका. बाजारात आलेला चांगला बोकड कापायला आलेला असतो आणि वाईट बोकड खपवायला.

हे मी २०१९ मध्ये शिकले. बाजारातला एक तगडा बोकड आणला आणि त्याच संध्याकाळी कळपात सोडला. आठवड्यात शेळ्यांच्या नाकातून पाणी, तोंडात फोड, हगवण. पीपीआर, शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग. सात करडं गेली. लस स्वस्त असते, एकदा टोचली की तीन वर्षं बघावं लागत नाही, आणि मी ती 'पुढच्या महिन्यात' वर ढकलली होती. आता बाहेरचं जनावर आलं की तीन आठवडे गोठ्याच्या पलीकडच्या टोकाला, वेगळं पाणी, वेगळी दावण. बोकड असेल तर गर्भपाताच्या रोगासाठी रक्ताची तपासणीही करून घेते.

बोअर, सिरोही या बाहेरच्या जातींच्या शेळ्यांचं विचारणारे फोन आजकाल फार येतात. पहिल्या संकरातली करडं झपाट्यानं वाढतात, ते खोटं नाही. पण संकरातलाच बोकड पुढं पैदाशीला ठेवला की पिल्लं एक वर, एक खाली, काही धरबंद राहत नाही. आणि बोअरला जे खाणं लागतं ते आमच्या माळावर उगवत नाही. ज्याच्याकडे बागायत आहे त्यानं बघावं.

खाण्याबद्दल थोडक्यात. सुबाभूळ, शेवरी, हादगा बांधावर लावा, तुरीचा भुसा साठवा, खनिजाची वीट टांगा, जंत पाडा. उपाशी करडांत निवड होत नाही. तिथं कोण कमी उपाशी राहिला एवढंच वहीत येतं.

यंदाही ईदच्या आधी व्यापारी आला. आता बापाच्या जागी मुलगा येतो, मोटरसायकलवर, रुमालही आणत नाही. दारात उभं राहून त्यानं बोट केलं ते नेमकं बिल्लेवाल्यावर. मी मान हलवली. तो म्हणाला, "वहिनी, बत्तीस हजार." आत्याबाई आतून निवडलेली भाजी घेऊन आल्या, त्यांनी बोकडाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं आणि म्हणाल्या, "त्यो विकायचा न्हाई. तोललाय त्यो."

त्यानं दुसरे सहा नेले. जाताना विचारत होता, याची करडं कधी येणार.