पाणथळीकाठी ऐकण्याचा कर्णा बसवताय? या चुका टाळा

भुसावळजवळ तापी-पूर्णेच्या संगमापासून हतनूर धरणापर्यंत पसरलेल्या पाण्यावर हिवाळ्यात बदकं उतरतात. तिथे काठावर 'ध्वनिशिल्प', म्हणजे आवाज ऐकवणारी कलाकृती, उभारायचं म्हटलं की बहुतेकांना आधी स्पीकरच सुचतो. पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवले की खरे पक्षी बिथरतात आणि माणसं रेकॉर्डिंग ऐकून घरी जातात. वाऱ्यावर किणकिणणाऱ्या घंटाही नकोत. आवाज तिथे भरपूर आहे, आपण फक्त कान मोठा करायचा.

त्यासाठी कर्णा: रुंद तोंड पाण्याकडे, बारीक टोक कानाशी. एस्टोनियाच्या जंगलात २०१५ साली कला अकादमीच्या विद्यार्थ्यांनी लाकडाचे तीन प्रचंड कर्णे ठेवले, प्रत्येकाचं तोंड तीन मीटरचं. इतकं मोठं कशाला, असं वाटेल. ध्वनिलहरीची लांबी तोंडाच्या रुंदीहून बरीच जास्त असली की कर्णा जवळपास निकामी ठरतो. १००० हर्ट्झची लहर सुमारे ३४ सेंटिमीटरची, १०० हर्ट्झची साडेतीन मीटरच्या आसपास. म्हणून हातभर रुंद कर्ण्यात टिटवी छान ऐकू येईल, पण जाड, घोगरे आवाज येणार नाहीत. 'बसवला, पण ऐकूच येत नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

नाहीतर वेळ चुकलेली असते. दुपारी जमिनीलगतची हवा तापते आणि आवाज वर वळून निघून जातो. पहाटे जमिनीलगत हवा थंड आणि वर उबदार असते, तेव्हा तोच आवाज खाली वाकून लांबवर पोचतो. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी लोकांना तिथे नेणं तसंही क्रूरपणाच. रात्रीची थ्री-फेज लाइट कधी येते तेही गावात विचारून घ्या. शेतातल्या पंपांच्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या की कर्णा त्यांचाच आवाज मोठा करून देईल. तोंड रस्त्याकडे किंवा रेल्वेकडे नको, हे वेगळं सांगायला नकोच.

पत्रा टाळा. भुसावळच्या उन्हात त्याला हात लावता येत नाही, आणि तापताना-निवताना तो स्वतःच टकटक करतो. केळीच्या बागेत टेकूला लावतात तो बांबू आणि चटईचा सांगाडा चालेल. नुसत्या चटईतून आवाज गळतो, म्हणून आतून माती-शेणाचा गिलावा द्या. पावसाळ्याआधी तो पुन्हा द्यावा लागेल.

जागा नकाशावरून ठरवू नका. डिसेंबरात पाण्याला टेकलेला काठ मे महिन्यात पाण्यापासून बराच लांब असतो. कर्णा उचलून नेता येईल असाच करा, आणि धरणाची जमीन असेल तर जलसंपदा विभागाची परवानगी आधी काढा.

पोरं बारीक टोकाशी तोंड लावून ओरडणारच. कर्णा दोन्हीकडून चालतो, आरोळी थेट बदकांवर जाते. बारीक टोकावर घट्ट विणलेली जाळी बसवून फायदा नाही, तिच्यातून आवाज जातोच. टोक काटकोनात वळवून कानाला लावायची छोटी वाटी केली, तर ओरडायला अवघड होतं. जाळी मोठ्या तोंडाला लावा, गांधीलमाश्या आत शिरू नयेत म्हणून.