‘पेशंट मारते’ असं लिहिण्याआधी

‘पेशंट मारते. स्पंजिंग करू देत नाही.’ नर्सच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी हँडओव्हरच्या, म्हणजे पुढच्या पाळीला माहिती देण्याच्या, वहीत हे मी स्वतः लिहिलं होतं. स्पंजिंग म्हणजे ओल्या कापडाने अंग पुसणं. आजींना स्मृतिभ्रंश होता, त्यामुळे कारण शोधायची गरजच मला वाटली नाही. शांत ठेवणारं औषध वाढवून घेतलं. तिसऱ्या दिवशी एका ज्येष्ठ सिस्टरांनी आजींचा उजवा हात हळूच उचलून पाहिला. आजींचा चेहरा पिळवटला. खांदा आखडलेला होता आणि आम्ही रोज तोच हात ओढून गाउन काढत होतो.

डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं, शिक्षण कुठून सुरू करू, असं नवीन मुलंमुली विचारतात, तेव्हा मी आधी वेदना ओळखायला शिका म्हणते. बोलून सांगता न येणाऱ्यांसाठी ‘पेनॅड’ नावाची मोजपट्टी आहे. श्वास, तोंडून निघणारे आवाज, चेहरा, शरीराची ठेवण आणि धीर दिल्यावर शांत होणं, अशा पाच गोष्टींना 0 ते 2 गुण द्यायचे, एकूण 10. पेशंट पडून असताना गुण देऊन मोकळे होऊ नका. कूस बदलताना, अंग पुसताना बघा. नॉर्वेतल्या वृद्धाश्रमांमध्ये 352 जणांवर झालेला एक अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला. 8 आठवडे पायरीपायरीने वेदनेवर उपचार केले, तर अस्वस्थता आणि आक्रमकपणा कमी झाला.

दुसरं, डेलिरियम, म्हणजे अचानक येणारा गोंधळलेपणा. ‘काल मला ओळखलं, आज ओळखत नाही’ असं मुलगी सांगते, तेव्हा स्मृतिभ्रंशच वाढलाय असं धरून चालू नका. स्मृतिभ्रंश सहसा महिन्या-वर्षांनी वाढतो. डेलिरियम तासा-दिवसांत येतो आणि दिवसभरात कमीजास्त होतो. तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठता, जंतुसंसर्ग, नवीन गोळी, पाणी कमी पडणं, सगळं तपासा. डेलिरियम ओळखायची ‘फोर-ए-टी’ चाचणी दोनेक मिनिटांत होते. 4 किंवा जास्त गुण आले तर डॉक्टरांना लगेच कळवा. गप्प पडून राहणारा पेशंट यात हमखास नजरेतून सुटतो, कारण तो कुणालाच ‘त्रास’ देत नाही.

औषधांबद्दल एवढं पक्कं ठेवा: स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये अँटिसायकोटिक (भास-भ्रमांवरच्या, शांत ठेवायलाही वापरल्या जाणाऱ्या) औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने 2005 मध्येच दिला. स्मृतिभ्रंशाच्या ल्युई बॉडी प्रकारात तर यातल्याच हॅलोपेरिडॉलने शरीर एकदम ताठरू शकतं.

अभ्यासासाठी टास्मानिया विद्यापीठाच्या विकिंग केंद्राचा मोफत ऑनलाइन कोर्स मेंदूत काय घडतं इथपासून सुरू होतो. प्राथमिक केंद्रात काम असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘एमएचगॅप’ मार्गदर्शिकेतला डिमेन्शियाचा भाग वाचा. तो तज्ज्ञ नसलेल्यांसाठीच आहे. त्याच संघटनेचं ‘आयसपोर्ट’ घरच्यांसाठी असलं, तरी वागण्यातल्या बदलांवरचं त्याचं प्रकरण मी आपल्या लोकांनाही वाचायला लावते. आणि कोर्स निवडताना विचारा, कुणी शेजारी उभं राहून तुमचं काम बघणार आहे का? माझी चूक मला वहीत दिसली नाही, सिस्टरांच्या हातात दिसली.

त्या आजींना पुढे स्पंजिंगच्या अर्धा तास आधी, डॉक्टरांना विचारून, पॅरासिटामॉल दिलं. गाउन काढताना आधी डावी बाही, घालताना आधी उजवी. ओला रुमाल त्यांच्याच हातात दिला. चेहरा त्यांनी स्वतः पुसला, कानामागेसुद्धा.