‘बोर्ड गेला’ म्हणण्याआधी: घरी जोडलेल्या पीसीत या चुका टाळा

पीसी मधूनच स्वतःहून रिस्टार्ट होतो. गेम रंगात आला की गोठतो. सकाळी पहिल्या बटणाला सुरूच होत नाही, दुसऱ्यांदा दाबलं की काही झालंच नाही असा चालू होतो. अशी लक्षणं दिसली की आपल्याकडे निकाल फार लवकर लागतो: “बोर्ड गेला.” बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, सगळे भाग ज्याला जोडलेले असतात ती मुख्य पाटी. ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत ओळखीपाळखीच्यांचे पीसी जोडून देणं आणि रुसले की उघडून बघणं हा माझा सुट्टीच्या दिवसांचा उद्योग. त्यात दिसलेलं सांगतो. संशय पहिला बोर्डावर जातो आणि दोष बहुतेक वेळा त्याच्या शेजाऱ्यांचा निघतो: रॅम, पॉवर सप्लाय, नीट न बसलेला प्रोसेसर, नाहीतर थेट घरातली वीज.

गंमत म्हणजे बोर्ड बदलला की पीसी बरेचदा सुधारतोही. सुधारणारच. बोर्ड बदलायचा म्हणजे रॅम काढून परत बसवली, प्रोसेसर उचलला, प्रोसेसर आणि कूलरमधली उष्णता वाहणारी पेस्ट नवी लावली, कूलर नव्याने आवळला, प्रत्येक केबल परत खोचली, बायोसच्या (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डातच बसवलेल्या प्रोग्रॅमच्या) सेटिंगही कोऱ्या झाल्या. एवढं सगळं एका दमात बदलल्यावर गुण नेमका कशाचा आला हे कोण सांगणार? श्रेय नव्या बोर्डाला मिळतं आणि धडधाकट जुना बोर्ड माळ्यावर जातो. म्हणून बोर्डाचे पैसे मोजण्याआधी हेच सगळं जुन्या बोर्डावर करून बघा. एक पेस्टची ट्यूब सोडली तर खर्च काही नाही.

रॅमच्या पाकिटावरचा आकडा खरा मानणं

पाकिटावर ३६०० किंवा ६००० लिहिलेलं असतं, म्हणून बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅमला तो वेग देणारं तयार प्रोफाइल) चालू करायचं आणि विसरून जायचं. पण हे प्रोफाइल म्हणजे ओव्हरक्लॉकच, नेमून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने पळवणंच, आहे, फक्त आधीच भरून दिलेलं. साधी डीडीआर-४ रॅम १.२ व्होल्टवर चालते, एक्सएमपीत ती बहुधा १.३५ वर जाते. रॅमने तो वेग झेलला तरी तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅम हाताळणारा भाग, झेलेलच असं नाही. त्यातून चारही स्लॉट भरले की काम आणखी अवघड. एएमडीच्या रायझन ७००० प्रोसेसरांत रॅमच्या दोन कांड्यांसाठी कंपनीने दिलेला वेग ५२००चा आहे, चार कांड्या लावल्या की तोच ३६००वर येतो. लोक मात्र चार कांड्यांवर ६००० मागतात आणि शिव्या बोर्डाला घालतात.

तेव्हा पहिलं काम: बायोस डीफॉल्टवर न्यायचा, एक्सएमपी बंद ठेवायचं आणि काही दिवस नेहमीचं काम करायचं. पीसी शहाण्यासारखा वागला तर बोर्ड शाबूत आहे. मग वेग एकेक पायरी वाढवत नेऊन कुठे थांबायचं ते ठरवा. ३६०० आणि ३२०० मधला फरक रोजच्या वापरात कोणाला कळत नाही. निळी स्क्रीन सगळ्यांना कळते.

दोनच कांड्या असतील तर त्या प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये जातात, मॅन्युअलमध्ये ए-२, बी-२ असं लिहिलेलं असतं. पहिल्या दोन स्लॉटमध्ये शेजारी शेजारी लावलेल्या कांड्या मी अजूनही बघतो. चाचणीसाठी मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर टाका, विंडोजच्या बाहेरून बूट करा आणि रात्रभर चालू द्या. एक जरी चूक लाल अक्षरांत आली तरी ती जास्तच. मग एकेक कांडी एकाच स्लॉटमध्ये तपासा, आणि जी निर्दोष ठरेल ती घेऊन एकेक स्लॉट तपासा. कांडी बदलल्यावर चूक गेली तर कांडी खराब. स्लॉट बदलल्यावर गेली तर लगेच बोर्डाकडे बोट दाखवू नका, पुढचं वाचा.

कूलर ‘गच्च’ आवळणं

घणसोलीला राहणाऱ्या माझ्या भाच्याचा फोन आला, “मामा, बत्तीस जीबी टाकलीय पण सोळाच दिसतेय. दुकानदार म्हणतो स्लॉट गेला, बोर्ड बदला.” दोन्ही कांड्या एकट्याने लावल्या तर चोख चालत होत्या, पण पहिल्या चॅनेलच्या (प्रोसेसरकडून रॅमकडे जाणाऱ्या दोन वाटांपैकी एकीच्या) दोन्ही स्लॉटमध्ये कुठलीच कांडी दिसत नव्हती. दोन स्लॉट एकदम कसे मरतील? कूलरकडे बघितलं तर एका बाजूचे स्क्रू पार तळाला गेलेले आणि समोरच्या बाजूला अजून दोन फेऱ्या शिल्लक. चारही सैल केले, मग आधी एक, मग त्याच्या तिरक्या समोरचा, अर्धा-अर्धा फेरा देत आवळत आणले. बत्तीस जीबी परत आली.

यात जादू नाही. पूर्वी मेमरी कंट्रोलर बोर्डावरच्या चिपमध्ये असायचा. एएमडीने २००३ साली आणि इंटेलने २००८ साली तो डेस्कटॉप प्रोसेसरच्या आत नेला. तेव्हापासून रॅमच्या तारा थेट प्रोसेसरच्या पायांशी जातात. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेत, नावाप्रमाणे १७०० बारीक स्प्रिंगसारख्या पिना असतात, एएमडीच्या एएम-५ मध्ये १७१८. कूलर एका अंगाला दाबला गेला की दुसऱ्या अंगाच्या काही पिना जेमतेम टेकतात, आणि त्या रॅमच्या असतील तर ‘स्लॉट गेला’ असं दिसतं. म्हणून कूलर सैल करून बघा. तरीही नाही जमलं तर प्रोसेसर उचला आणि मोबाइलची टॉर्च तिरकी धरून सॉकेटवरून फिरवा. सगळ्या पिना एका दिशेने चमकतात. वाकलेली पिन त्या ओळीत वेगळी चमकते, लगेच डोळ्यात भरते.

एएमडीच्या आधीच्या एएम-४ सॉकेटवाल्यांना वेगळी धास्ती. तिथे पिना प्रोसेसरला असतात आणि वाळलेल्या पेस्टमुळे कूलरसोबत प्रोसेसरच सॉकेटमधून उपटून येतो. आधी दहा मिनिटं पीसी चालवून पेस्ट गरम करा, बंद करून प्लग काढा, आणि कूलर सरळ न ओढता डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा.

इव्हेंट व्ह्यूअरमधली ४१ नंबरची नोंद

पीसी अचानक बंद पडला की लोक इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडतात, ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसतं आणि ‘पॉवर’ शब्द वाचून एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, बदलायला निघतात. ही नोंद म्हणजे नुसता पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल नव्हे. मागच्या वेळी विंडोज नीट बंद झालं नव्हतं, एवढंच ती सांगते. तुम्ही स्वतः बटण दाबून धरलं तरी तीच नोंद होते. तिच्या तपशिलात बगचेक कोड (विंडोज कोसळण्याच्या कारणाचा क्रमांक) शून्य असेल तर निळी स्क्रीन दाखवायलाही वेळ मिळाला नाही, म्हणजे वीज तुटली किंवा सगळं जागच्या जागी गोठलं, असं धरून चाला. शून्य नसेल तर त्या कोडचा माग काढा.

जास्त कामाच्या, हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी ‘WHEA-Logger’ नावाखाली असतात. तिथे पीसीआय एक्स्प्रेसच्या (ग्राफिक्स कार्ड, एसएसडी बोर्डाला जोडणाऱ्या वाटेच्या) सुधारलेल्या चुका ढिगाने दिसल्या तर ग्राफिक्स कार्डाची रायझर केबल (कार्ड स्लॉटपासून लांब बसवायची जोडकेबल) किंवा एसएसडीचा स्लॉट बघा. तिसऱ्या पिढीची रायझर चौथ्या पिढीच्या स्लॉटला लावली असेल तर बायोसमध्ये स्लॉट तिसऱ्या पिढीवर आणला की बहुतेक वेळा काम होतं. प्रोसेसर कोरच्या चुका दिसल्या तर गोष्ट वेगळी, तेव्हा प्रोसेसरकडे बघा. आणि दर वेळी निळ्या स्क्रीनवर नवाच कोड येत असेल, आज मेमरी, उद्या ड्रायव्हर, परवा तिसरंच काही, तर पुन्हा रॅमकडे वळा.

इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतले वरच्या दर्जाचे आय-७, आय-९ ज्यांच्याकडे आहेत त्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. या प्रोसेसरांत जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येते हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं, ऑगस्ट २०२४ पासून बायोस अपडेटमधून नवा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. गेममध्ये ‘व्हिडिओ मेमरी संपली’ असा संदेश, इन्स्टॉल करताना फाइल फुटणं, असली लक्षणं बोर्डाची किंवा ग्राफिक्स कार्डाची वाटतात. अपडेट पुढचं नुकसान टाळतो, झालेलं भरून काढत नाही. तेव्हा नवा बोर्ड घेऊनही तो प्रोसेसर तसाच वागेल.

घरातल्या विजेला वगळून शोध घेणं

हा भाग लोक हमखास सोडतात, आणि जुन्या ठाण्यात तो सोडून चालत नाही. नौपाडा, कोपरीकडच्या जुन्या इमारतींत प्लगला तीन भोकं असतात, पण तिसऱ्या भोकामागे तार असेलच याची खात्री नसते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावल्यावर बोटांना मुंग्या येतात का? मग अर्थिंग नाही. पॉवर सप्लायच्या फिल्टरमधले कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल दोन्हींकडून अर्थला जोडलेले असतात. अर्थच नसेल तर कॅबिनेट साधारण निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५च्या आसपास, तरंगत राहतं. करंट अगदी थोडा, पण यूएसबी मधूनच तुटणं, हेडफोनमध्ये घूंऽऽ आवाज, एचडीएमआय लावताना ठिणगी हे सगळं तिथूनच येतं. इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटर लावायला सांगा. फेज-न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज-अर्थही जवळपास तितकंच आणि न्यूट्रल-अर्थ जेमतेम दोन-तीन व्होल्ट हवं.

यूपीएसही एकदा बाजूला ठेवा. बॅटरी म्हातारी झाली की वीज एक डोळा मिचकावते आणि पीसी रिस्टार्ट होतो. यूपीएसवर हिरवा दिवा आहे म्हणून कोणाला संशय येत नाही.

पॉवर सप्लाय तपासताना १२ व्होल्टची तार ११.४ ते १२.६ मध्ये हवी. पण ग्राफिक्स कार्डाने अचानक ओढ घेतल्यावर क्षणभर आलेला खड्डा साध्या मीटरला दिसत नाही. त्यापेक्षा मित्राकडून चांगला एसएमपीएस दोन दिवसांसाठी मागून आणा. मात्र एक गोष्ट जपा: मॉड्यूलर (केबल सुट्या होणारा) सप्लाय बदलला की त्याच्या केबलही बदलायच्या. कॅबिनेटमागून ओढलेल्या जुन्या केबल तशाच ठेवून नव्या सप्लायला खोचायचा मोह होतो. प्लग बसतोही. पण सप्लायच्या टोकाकडची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही, वेगळी असते. पाच व्होल्टच्या जागी बारा गेले की एसएसडी, हार्ड डिस्क जळतात आणि त्यांच्यासोबत फोटोही.

छोट्या गोष्टी, ज्यांना कोणी विचारत नाही

कॅबिनेटचं रिसेट बटण अडकलेलं असतं. फ्रंट पॅनेलच्या सगळ्या बारीक तारा काढा, पॉवरच्या दोन पिनांना स्क्रू ड्रायव्हरचं टोक क्षणभर लावून पीसी सुरू करा आणि चालवून बघा.

बोर्डाखाली एखादा पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचा खुंटा) जास्तीचा राहिलेला असतो, जिथे बोर्डाला भोकच नाही. तो मागून शॉर्ट करतो.

घड्याळ मागे पडतं, बायोसच्या सेटिंग पुसल्या जातात? सीआर२०३२ सेल बदला, घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

ऐरोली, वाशी अशा खाडीकाठच्या भागात पावसाळ्यात दमट हवा आणि धूळ मिळून रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर बसतो. त्यावर खोडरबर घासायची आपल्याकडे जुनी रीत आहे. चालतं, पण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेलं सुती कापड बरं. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज साठते.

आणि एएम-५वर नवी डीडीआर-५ रॅम टाकल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, तेव्हा बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. घाबरून प्लग ओढू नका, चहा टाका.

बायोस अपडेट हे शेवटचं औषध समजा. रॅम डळमळीत असताना बायोस लिहायला घेणं म्हणजे धोका ओढवून घेणं. आधी सगळं डीफॉल्टवर आणा, मग फॅट३२ केलेला पेन ड्राइव्ह घ्या. विजा चमकत असतील तर काम उद्यावर टाका.

खरंच बोर्ड असेल तर

बोर्ड कॅबिनेटमधून बाहेर काढा, त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवा. प्रोसेसर, कूलर, एक कांडी, पॉवर सप्लाय, बाकी काही नाही. दुसऱ्या पीसीत चाललेली रॅम आणि सप्लाय लावूनही तोच त्रास झाला, आणि प्रोसेसर दुसऱ्या बोर्डावर नीट चालला, तर आता म्हणा बोर्ड गेला. फुगलेले कपॅसिटर शोधत बसू नका. ते २००० नंतरच्या काही वर्षांतल्या बोर्डांचं दुखणं, आजचे घन कपॅसिटर बहुधा न फुगताच जातात. स्वस्त बोर्डावर दांडगा प्रोसेसर चढवला असेल तर एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रॅममध्ये व्हीआरएमचं, म्हणजे बोर्डावरच्या प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाचं, तापमान बघा. शंभर अंशांच्या पुढे जात असेल तर बोर्ड बिघडलेला नाही, लहान पडतोय, आणि बदलून तसाच आणला तर पुन्हा लहानच पडेल.

लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या बोर्डाचं बिल आणि खोक्यावरचा सीरियल नंबर जपून ठेवा. सर्व्हिस सेंटरला देताना सॉकेटवर प्लास्टिकचं झाकण हवंच, आणि काउंटरवर झाकण लावण्याआधी सॉकेटचा जवळून फोटो काढा. पिन वाकलेली दिसली की वॉरंटी नाकारली जाते, आणि ती कोणी वाकवली याचा वाद फोटोशिवाय जिंकता येत नाही. जॉब शीटवर नुसतं ‘रिस्टार्ट होतो’ लिहू देऊ नका. कोणत्या स्लॉटमध्ये, कोणत्या चाचणीत, किती वेळाने चूक येते ते लिहायला लावा. नाहीतर तिथे बोर्ड थोडा वेळ चालवून बघतात आणि ‘टेस्टेड ओके’चा शिक्का मारून परत देतात.