दारू सोडायच्या गोळ्या : घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक स्वयंपाकघरात होते. डायसल्फिरामची गोळी कुटून वरणात किंवा चहात घालायची, नवऱ्याला पत्ता लागू द्यायचा नाही. असं करणाऱ्या माउलीला बोल लावायला जीभ रेटत नाही, पण हा खेळ जिवावर बेतू शकतो. दारूचं यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, मग ॲसिटेट. डायसल्फिराम ही दुसरी पायरी अडवतं आणि ॲसिटाल्डिहाइड रक्तात साठत जातं. त्यावर प्यालं की थोड्याच वेळात चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदय आधीच कमजोर असेल तर प्राणावरच येतं. आणि गोळी घेतोय हे माहीतच नसलेला माणूस पिणारच ना! ही गोळी ज्याची त्याला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायची.

दुसरी चूक जरा हुशार लोकांची. भाच्याची हळद शनिवारी, म्हणून गुरुवारपासून गोळी बंद. गोळी थांबवल्यावरही तिचा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. सुरुवातीलाही तसंच : शेवटच्या घोटानंतर किमान 12 तास, शक्यतो पूर्ण दिवस गेल्याशिवाय पहिली गोळी नको.

‘मी थेंबही घेतला नाही, तरी तोंड लाल झालं’ अशी तक्रार आली तर आधी कपाट उघडा. खोकल्याचं औषध, कुमारी आसव, दशमूलारिष्ट (आसव-अरिष्टांत आंबवण्यातून तयार झालेलं अल्कोहोल असतंच), सॅनिटायझर, दाढीनंतरचं लोशन. जुलाबावर सर्रास घेतलं जाणारं मेट्रोनिडाझोलही डायसल्फिरामबरोबर चालत नाही; माणूस भ्रमिष्टासारखा वागू शकतो.

सुस्ती किंवा तोंडाला धातूसारखी चव बहुधा काही दिवसांत ओसरते. अन्नावरची वासना उडणं, लघवी गडद होणं, डोळे पिवळे दिसणं ही मात्र यकृताची हाक आहे. गोळी थांबवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हातापायांना मुंग्या आल्या तर त्याही सांगा, ‘अशक्तपणा असेल’ म्हणून सोडून देऊ नका.

एक गल्लत नेहमीची. रोज पिणाऱ्याने दारू एकदम तोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, घाम फुटतो, कधी फिट येते, भास होतात. घरचे म्हणतात, गोळी सोसली नाही. गोळीचा त्यात दोष नसतो, दारू तुटल्याचा तो त्रास असतो. तो घरी रेटू नका. फिट किंवा भास म्हणजे थेट दवाखाना.

ॲकॅम्प्रोसेट या दारू सोडायच्या दुसऱ्या औषधाने पोट बिघडतं, बहुतेकांचं पुढे सुधारतं. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं, म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंड कसं चालतंय ते यावरून कळतं) न तपासता सुरू करू नये. नाल्ट्रेक्सोन या तिसऱ्या औषधाने मळमळत असेल तर ते जेवणानंतर घेऊन पाहा. त्यातली खरी मेख वेगळीच आहे : ते ट्रॅमाडोल, मॉर्फिनसारखी वेदनाशामकं निकामी करतं. अशी औषधं चालू असतील तर ती बंद करून 7 ते 10 दिवस गेल्यावरच ते सुरू होतं, नाहीतर अंगदुखी, उलट्या, जुलाब एकदमच उसळतात. अपघात झाला किंवा ऑपरेशन ठरलं तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे कळायलाच हवं. पाकिटात, आधार कार्डामागे, एक चिठ्ठी ठेवा : ‘नाल्ट्रेक्सोन चालू आहे.’