टॉकीजच्या भंगारातली लेन्स कॅमेऱ्याला जोडायची तर आधी मोजायचा टेप हाती घ्या

राजेहो, फोटोवर उजेडाची मऊ साय आणणाऱ्या, सिनेमाच्या खऱ्या जुन्या सॉफ्ट लेन्सच्या नादी लागू नका, वावर विकावं लागंल. कार्ल स्ट्रसच्या नावानं शंभरेक वर्षांआधी पिक्टोरियल लेन्स निघाली होती, तो माणूस पुढं हॉलिवूडात कॅमेरामन झाला आन् १९२९ च्या पहिल्या ऑस्करात त्याचं नाव आलं, तसलं काही आपल्याला भेटत नाही. आपल्याला भेटते ती तालुक्याच्या बंद पडलेल्या टॉकीजची प्रोजेक्टरची लेन्स. मी माझी दारव्ह्याकडच्या एका भंगारवाल्याकडून पितळेच्या भावानं किलोवर घेतली.

घेताना एक पाहा, स्कोपची घेऊ नका. स्कोपच्या, म्हणजे रुंद पडद्याच्या पिक्चरसाठी जी पुढून लावायचे ती लेन्स चित्र फक्त आडवं दुप्पट ताणते, तिच्यानं एकटीनं चित्र उमटतच नाही. साधी लेन्स कागदावर खिडकीचं उलटं चित्र पाडते, बस, दुकानातच तपासून घ्या. आतल्या बाजूनं जाळं धरल्यासारखी बुरशी असंल किंवा दोन भिंगांमधला डिंक काठानं पिवळा सुटला असंल तर भाव पाडून घ्या, थोड्यानं फोटोत काही बिघडत नाही.

आता मेन काम. लोकं पह्यले ऑनलाइन अडॅप्टर मागवतात आन् मग रडतात. या लेन्सला ना माउंट (कॅमेऱ्यात अडकायची कडी) असतो, ना फोकसची रिंग, ना अपर्चर (उजेड कमीजास्त करायचं भोक), नुसती एक नळी. म्हणून आधी अंतर मोजायचं. अंधाऱ्या खोलीत भिंतीला पांढरा कागद लावा आन् दारातून धुऱ्यावरचं लांबचं झाड कागदावर एकदम साफ येईस्तोवर लेन्स मागंपुढं करा, मग नळीच्या मागच्या काठापासून कागदापर्यंत टेप धरा. माझं ६२ एमएम आलं. सूर्यावर धरून मोजू नका, टॉकीजची लेन्स आहे, कागद पेटते, बाजूला कापसाची गंजी असली तर मग विचारूच नका.

या आकड्यातून तुमच्या कॅमेऱ्याचं माउंट ते सेन्सर (आत जिथं चित्र उमटते ती पट्टी) हे अंतर वजा करा. सोनी ई १८ एमएम, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०. जुन्या डीएसएलआरला, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याला, कॅनन ईएफ ४४ आन् निकॉन एफ ४६.५, म्हणजे तिथं जागा लई कमी उरते, लेन्सचं अंतर कमी असंल तर वरून आरसा आपटायची भीती, म्हणून बिनआरशाचा मिररलेसच बरा. माझ्या सोनीवर ६२ वजा १८, म्हणजे माउंटपासून ४४ एमएमवर लेन्सचा मागचा काठ पाहिजे. हाच आकडा, बाकी सगळं याच्यावर चालते.

नळी कुठून आणायची? मोटरपंपाच्या दुकानातून. पीव्हीसी पाइपावर ६३, ७५ लिहिलेलं असते तो बाहेरचा व्यास असतो, आन् पाइप किती किलोचा (किती दाब सोसणारा) आहे त्याच्यावर आतला व्यास बदलते, म्हणून लेन्स सोबत न्या आन् घालूनच पाहा. माझी लेन्स ७०.६ एमएमची, प्रोजेक्टरचं ते जुनं मापच आहे, ७५ च्या पातळ पाइपात बसली. आतून काळं पातळ कापड चिकटवा, टेलरकडं चिंध्या पडल्याच असतात. त्यानं दोन कामं होतात, पाइपाची चमक मरते (नाहीतर फोटो धुरकट येते) आन् लेन्स दाबून सरकते. ते सरकवणं हाच आपला फोकस, प्रोजेक्टरमध्येही लेन्स पुढंमागं सरकूनच फोकस व्हायचा. १०० एमएमची लेन्स असंल तर २ मीटरवरच्या माणसासाठी ५ एमएम पुढं घ्यावी लागते, १ मीटरसाठी ११. म्हणून पाइप थोडा लांब ठेवा.

कॅमेऱ्याकडच्या टोकाला पाइपाची एंड कॅप, तिला मधोमध भोक, आन् त्याच्यावर तुमच्या कॅमेऱ्याच्या माउंटची स्वस्तातली मॅक्रो एक्स्टेन्शन ट्यूब (बिनभिंगाची कडी) अॅरल्डाइटनं बसवा, दोन्हीकडं पॉलिश पेपर घासून. ट्यूबची जाडी त्या ४४ मध्येच धरायची. मी पह्यले ग्लू गन वापरली होती आन् मे महिन्याच्या लग्नात नवरीच्या विदाईच्या वक्ती लेन्स हळूच खाली लवली, ग्लू उन्हानं मऊ झाला होता. लेन्स जड असते, पाइपाला खालून हात पाहिजेच. भोक पाडायचं काम कॅमेऱ्यापासून लांब करा, भुगा सेन्सरवर गेला तर मजा नाही.

सॉफ्ट म्हणजे फोकस चुकलेला फोटो नव्हे. भिंगाच्या मधून आलेला उजेड एका जागी जमते आन् काठाकडून आलेला त्याच्या थोडा अलीकडं, म्हणून खाली साफ चित्र राहते आन् वरून उजेडाची साय येते. प्रोजेक्टरची लेन्स खरं तर अशी बनवलेली नसते, मधात चांगली साफ असते आन् काठाकडं पसरते. माझ्या लेन्समध्ये मागचा भाग एक-दोन फेरे उकलला तर साय वाढली. ही जुनीच युक्ती आहे, इंग्लंडात डॉलमेयरनं १८६६ च्या पोर्ट्रेट लेन्समध्ये हेच केलं होतं. फक्त उकलल्यावर अंतर परत मोजा. साय कमी करायची तर काळ्या पुठ्ठ्याला गोल भोक पाडून लेन्ससमोर लावा, १०० एमएमला २५ एमएमचं भोक म्हणजे १०० भागिले २५, एफ ४.

कॅमेऱ्यात ‘लेन्स नसतानाही शटर’ चालू करा, मोड मॅन्युअल, फाइल रॉ (कॅमेऱ्यानं न दाबलेली कच्ची). फोकस पीकिंगवर (साफ भाग स्क्रीनवर रंगवून दाखवते त्याच्यावर) विश्वास ठेवू नका, साय असली की ते भलतीकडंच रंगते, स्क्रीन झूम करून पापणीवर फोकस करा. पुठ्ठा लावायचा असंल तर लावल्यावरच फोकस करा, काहून का भोक बदललं की फोकसही सरकते.

आन् उजेड. दुपारच्या बारा वाजता सगळं पांढरं पिठासारखं होते, काहीच कामाचं नाही. संध्याकाळी पऱ्हाटीच्या मांगून ऊन येत असताना, मांगं काळपट बांध धरून फुटलेल्या बोंडाचा फोटो काढा, एक्स्पोजर (फोटोचा उजेड) अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवून, एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा. पांढऱ्या धोतरातला म्हाताराही असाच, सावलीकडं उभा करून.