फवारणीवाल्याला फोन करण्याआधी

आमच्या बडोद्यात पाऊस उघडून उन्हं पडली की आठवड्याभरात डासांमुळे अंगणात बसायची सोय राहत नाही, आणि जो तो धुराच्या मशीनवाल्याला फोन लावतो. फोन जरा थांबवा. आधी एक पांढरी वाटी, जुनी पळी आणि टॉर्च घेऊन अंगणाला फेरी मारा. कुंड्यांखालच्या बशा, कूलरचा तळ, पक्ष्यांसाठी ठेवलेलं पाणी, ताडपत्रीच्या घड्या, टाकीचं नीट न बसणारं झाकण, सगळीकडचं पाणी पळीने वाटीत घेऊन बघा. सावली पडताच वळवळत तळाला जाणारे बारीक किडे दिसले तर त्या डासांच्या अळ्या. पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडव्या पडलेल्या असतील तर हिवतापाच्या ॲनॉफिलिसच्या. डोकं खाली करून लटकलेल्या असतील तर डेंगीच्या एडिसच्या नाहीतर गटारात वाढणाऱ्या क्युलेक्सच्या. कुठे काय सापडलं ते कागदावर लिहा. हाच कागद फवारणीवाल्यासमोर ठेवायचा आहे.

हे कळायला मला किंमत मोजावी लागली. दोन वर्षांपूर्वी एकाने दहा मिनिटांत अंगणभर धूर सोडला, पैसे घेतले आणि गेला. आठवड्यात डास पुन्हा तेवढेच, आणि धाकटीला डेंगी झाला. न्हाणीमागच्या पिपात अळ्या जशाच्या तशा होत्या. धुराने फक्त उडते डास मरतात. पाण्यातल्या अळीला त्याचं काही होत नाही. आणि अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात.

म्हणून येणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: पाण्याचं काय करणार? जो अंगण न बघता फोनवरच भाव सांगतो, किंवा ‘एकही डास दिसणार नाही’ अशी हमी देतो, त्याला मी तरी बोलावणार नाही. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालचा परवाना दाखवायला सांगा. औषधाचं नाव आणि ते किती पाण्यात मिसळणार हे बिलावर लिहून घ्या. डबा बघा, त्यावरचा रंगीत त्रिकोण विषारीपणा सांगतो: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. अळ्यांसाठी बीटीआय हे जिवाणूंपासून केलेलं औषध मिळतं, ते वापरतात का विचारा. पानांच्या खालच्या बाजूला, जिथे डास दिवसा बसतात, तिथे फवारा हवा. पण फुलांवर नको, मधमाश्या मरतात. तुळस, कढीपत्ता, अळू आधीच झाकून ठेवा.

फवारणीच्या दिवशी माशांची टाकी झाका आणि तिचा हवेचा पंप बंद ठेवा, डास मारायला फवारतात ती पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना फार जहाल असतात. मांजर घरात घ्या. दम्याचं माणूस असेल तर त्या दिवशी नातेवाइकांकडे पाठवा. वाळत घातलेले कपडे आत, खिडक्या बंद.

पिपं नुसती ओतून भागत नाही. एडिसची अंडी कडेला चिकटून कोरडी असतानाही महिनोन्‌महिने टिकतात. काथ्याने घासूनच काढायची, दर आठवड्याला. सेप्टिक टँकच्या पाइपाला जाळी बांधा. आणि भिंतीपलीकडच्या काकूंनाही आधीच सांगून ठेवा. एडिस फार लांब उडत नाही, पण त्यांचा हौद आपल्या अंगणापासून दहा पावलांवर आहे. दोन्ही घरांची फवारणी एकाच दिवशी ठरवा, आणि दुसऱ्या फेरीची तारीखही बिलावर घ्या.