नवं संगीत शोधताना आणि पुढे पाठवताना या चुका टाळा

सांगली-मिरजेत गाण्याच्या कार्यक्रमाला निघालेल्या माणसाला वाटेत कुणी भेटलं, की दोन प्रश्न ठरलेले असतात. गातंय कोण? आणि साथीला कोण? दुसरा प्रश्न आपल्या इतका अंगवळणी पडलाय, की तबल्यावर कोण आहे हे कळल्यावर जायचं की नाही ते ठरवणारेही भेटतात. पण हीच माणसं मोबाइलवर हिप हॉप, जॅझ किंवा इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकायला लागली, की साथीचा प्रश्न विसरून जातात. बरीच वर्षं मी हे संगीत ऐकते आहे, इतरांना ऐकवते आहे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी दोनच: नवीन काही सापडत नाही, आणि पाठवलेलं कुणी ऐकत नाही. दोन्हींची कारणं बहुतेक वेळा आपल्याच सवयीत असतात.

एकच नाव बघून थांबणं

गाणं आवडलं की आपण त्या कलाकाराची आणखी दहा गाणी ऐकतो, ती संपली की अ‍ॅप पुढे काय वाढतंय त्याची वाट बघत बसतो. त्याऐवजी साथीदारांची नावं वाचा. स्पॉटिफायवर गाण्यासमोरच्या तीन टिंबांवर दाबलं की श्रेयनामावलीचा पर्याय मिळतो. जुन्या रेकॉर्डसाठी डिस्कॉग्ज ही साइट आहे. तिथे कोणत्या वाद्यावर कोण, ध्वनिमुद्रण कुणाचं, हे सगळं नोंदलेलं सापडतं.

यातून काय मिळतं त्याचं एक उदाहरण. जॅझचे ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या साठच्या दशकातल्या पाच जणांच्या संचात बासवर (खर्जाचे सूर देणाऱ्या तंतुवाद्यावर) रॉन कार्टर होते. हे नाव धरून पुढे गेलात तर 1991 साली 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या न्यूयॉर्कच्या हिप हॉप गटाच्या अल्बमवर तेच बास वाजवताना सापडतात. एका वादकाचं बोट धरलं आणि जॅझमधून थेट हिप हॉपमध्ये पोहोचलो, तेही कोणत्याही शिफारशीशिवाय.

हिप हॉपमध्ये साथ म्हणजे निर्माता, ज्याने बीट बांधला तो. रॅपर आवडला नाही तरी बीट आवडला असेल, तर त्या निर्मात्याचं नाव टिपून ठेवा. दुसरा रस्ता सॅम्पलचा, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधून उचललेल्या तुकड्याचा. 11 ऑगस्ट 1973 ला ब्राँक्समध्ये बहिणीच्या पार्टीत डीजे कूल हर्क एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती लावून त्यातला नुसत्या तालाचा तुकडा लांबवत होता. हिप हॉपचा जन्म तिथला मानतात. म्हणजे जुन्या रेकॉर्ड उकरणं हे या संगीताच्या मुळातच आहे. कोणता तुकडा कुठून उचलला ते 'हू सॅम्पल्ड' या साइटवर बघता येतं. इलेक्ट्रॉनिक संगीतात नाव धरायचं ते लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड काढणाऱ्या कंपनीचं. चांगलं छोटं लेबल घराण्यासारखं असतं. एक गाणं पटलं तर त्याच लेबलची आणखी पाच ऐकून बघा. यासाठी बँडकॅम्प ही अल्बम विकणारी साइट उत्तम. तिथे अल्बमखाली तो विकत घेणाऱ्यांची छोटी चित्रं दिसतात. एखाद्यावर दाबलं की त्याचा सगळा संग्रह उघडतो. आपल्यासारखी आवड असलेला अनोळखी माणूस असा सापडतो, आणि तो कोणत्याही गणितापेक्षा भरवशाचा असतो.

घरभराचं एकच खातं

सकाळी आईची भक्तिगीतं, दुपारी भाच्याची बडबडगीतं आणि रात्री तुमचं टेक्नो, सगळं एकाच खात्यावर. मग अ‍ॅपने सुचवायचं तरी काय? शक्य असेल तर खातं वेगळं करा. नसेल तर दुसऱ्याच्या हातात फोन देताना स्पॉटिफायवर खासगी सत्र सुरू करा, यूट्यूबवर इतिहासाची नोंद थांबवा. आधीच गोंधळ झाला असेल तर यूट्यूबच्या इतिहासातून नको त्या नोंदी पुसता येतात. थोड्या दिवसांत सूचना सुधारतात.

फोनच्या स्पीकरवर निकाल देणं

'यात काहीच नाही, नुसती टिकटिक आहे,' असं एका मैत्रिणीने हिप हॉपचं एक गाणं ऐकून मला कळवलं होतं. ती ओट्यावर फोन ठेवून ऐकत होती. ज्या वाद्यावर हिप हॉप आणि इलेक्ट्रॉनिक संगीतातलं बरंच काही उभं आहे, त्या रोलँड टीआर-808 या 1980 सालच्या तालयंत्राचा बास ड्रम साधारण 50 हर्ट्झच्या आसपास घुमतो. फोनचा स्पीकर इतका खाली उतरतच नाही. खर्जाशिवाय तंबोरा ऐकल्यासारखं ते होतं, आणि दोष गाण्याला लागतो.

उपाय महाग नाही. कानात घट्ट बसणारे साधे वायरचे इअरफोन पुरतात. बास येत नसेल तर आधी टोकाचं रबर बदलून बघा. पाकिटात तीन मापं असतात आणि आपण बहुधा लागलेलंच वापरत राहतो. कान आणि रबर यांच्यात फट राहिली की खर्ज गळून जातो. गाडीवरून जाताना एकाच कानात लावून ऐकायची सवयही सोडा (रस्त्यावर ती धोक्याचीही आहे). जुन्या स्टिरिओ जॅझमध्ये बऱ्याचदा सॅक्सोफोन एका बाजूला आणि ड्रम दुसऱ्या बाजूला ठेवलेले असतात. एक कान बंद म्हणजे अर्धा संच गायब.

इलेक्ट्रॉनिक म्हणजे डॉल्बी, असं समजणं

आपल्या भागात हा गैरसमज फार खोल आहे आणि त्याला कारणही आहे. मिरवणुकीत छातीत धडधड होईपर्यंत वाजणाऱ्या स्पीकरच्या भिंती ज्याने सोसल्या, त्याला पुढे कोणताही यंत्राचा ठोका नकोसा होतो. मला तो राग कळतो. पण आवाजाची पातळी आणि संगीताचा प्रकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझे चुलते आयुष्यभर फक्त शास्त्रीय ऐकत आलेले. त्यांना मी चरणजित सिंग यांची 1982 सालची रेकॉर्ड ऐकवली. मुंबईच्या फिल्मी वाद्यवृंदांत वाजवणाऱ्या या माणसाने 808, टीबी-303 आणि ज्युपिटर-8 ही रोलँडची तीन यंत्रं घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही. 2010 मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या लोकांना धक्का बसला, कारण ज्याला पुढे अ‍ॅसिड हाऊस म्हणू लागले, तो नाचाच्या इलेक्ट्रॉनिक संगीताचा आवाज शिकागोत जन्मायच्या आधीच मुंबईत वाजून गेला होता. मी काकांना यातलं काही सांगितलं नाही. फक्त त्यातला ललत राग लावला, आवाज हळू ठेवला. पहिल्यांदा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. मग ललतची खूण असलेले दोन मध्यम लागोपाठ आले तसा त्यांचा उजवा हात आपोआप वर उचलला गेला. गाणं संपल्यावर म्हणाले, "ठेका यंत्राचा आहे, पण राग सोडला नाही बरं त्यानं."

तीस सेकंदांत गाणं बदलणं

विलंबित ख्यालाला आपण वेळ देतो, मग जॅझला का नाही? सुरुवातीला आवर्तन पकडायला शिका. माइल्स डेव्हिसच्या 1959 च्या 'काइंड ऑफ ब्लू'वरचं पहिलं गाणं, 'सो व्हॉट', यासाठी सोपं आहे. बास एक ओळ म्हणतो, बाकीचे दोन ठोक्यांत उत्तर देतात. चार-चार मात्रांचे आठ विभाग, तेच पुन्हा आठ, मग सगळं अर्ध्या स्वराने वर चढून आठ, आणि परत खाली आठ. असे बत्तीस विभाग झाले की एक फेरा पूर्ण. ट्रम्पेट असो की सॅक्सोफोन, प्रत्येक जण याच फेऱ्यावर आपला विस्तार करतो. बोटांवर मोजत ऐका. तो अर्धा स्वर वर चढला की तुम्हाला कळायला लागेल, आणि समेवर आल्याचं सुख मिळेल.

चाळीस गाण्यांची यादी पाठवणं

ही चूक मी स्वतः केली आहे. कॉलेजच्या ग्रुपवर एकदा बेचाळीस गाण्यांची प्लेलिस्ट टाकली. जीव ओतून, रात्री जागून केलेली. दोन अंगठे आले, आणि खाली कुणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू झाल्या. मला ते लागलं होतं. पण बेचाळीस गाणी म्हणजे तीन तासांहून अधिक वेळ. तो मी कुणाकडे मागत होते?

त्यानंतर काही दिवसांनी आत्याचा तंबोरा घेऊन मिरजेला गेले होते. जवारी, म्हणजे तारांचा झंकार, बिघडली होती. मिरजेच्या तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते काम बघायचं तर दुकानातल्या जमिनीवर बसूनच बघावं. तंबोरा दुरुस्त करणारे चाचा घोडीवर तारेखाली सुताचा दोरा केसभर पुढे सरकवायचे, तार छेडायचे, मान हलवायचे, पुन्हा केसभर मागे. मधेच त्यांनी विचारलं, "ताई, कानात काय ऐकताय?" मी इअरफोन त्यांना दिले. अ‍ॅलिस कोल्ट्रेनचा 'जर्नी इन सच्चिदानंद' हा 1971 चा जॅझ अल्बम होता, त्याचं पहिलंच गाणं तंबोरा आणि बासवर सुरू होतं. "तंबोरा आहे की!" ते म्हणाले आणि बोटातला दोरा तसाच धरून ऐकत राहिले. वीणेसारखं छेडलेलं हार्प आलं, सॅक्सोफोन आला, पण त्यांचं लक्ष खालीच. "हा खाली कोण वाजवतोय?"

सेसिल मॅकबी, मी सांगितलं. त्यांनी नाव दोनदा उच्चारून बघितलं आणि गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

तेव्हापासून माझा नियम: एका माणसाला एक गाणं, आणि तेही त्याच्या ओळखीच्या दारातून आत नेणारं. सोबत एकच ओळ लिहायची, कुठे कान द्यायचा ते सांगणारी. 'दुसऱ्या मिनिटाला ड्रम थांबतात, तिथे बघ' एवढं पुरतं. 'मस्त आहे, ऐकच' यातून समोरच्याला काहीच कळत नाही. लगेच 'ऐकलंस का?' विचारू नका. त्याने उलट काही पाठवलं तर ते आधी ऐका.

नुसता दुवाही पाठवू नका. समोरच्याकडे ते अ‍ॅप नसेल तर तो उघडणारच नाही. कलाकाराचं आणि गाण्याचं नाव मजकुरात लिहा, म्हणजे तो आपल्या सोयीने शोधेल.

बिननावाच्या फाइल

कुठून तरी आलेली फाइल नावाशिवाय पुढे ढकलणं मला खरंच खटकतं. 'द विन्स्टन्स' या गटाच्या 1969 च्या 'आमेन, ब्रदर' या गाण्यात जी. सी. कोलमन यांनी जेमतेम सहा-सात सेकंद एकटे ड्रम वाजवले. त्या तुकड्यावर हिप हॉपची असंख्य गाणी आणि जंगल, ड्रम अँड बास हे प्रकार उभे राहिले. कोलमन 2006 मध्ये गेले, त्यांना यातून काही मिळालं नाही. 2015 मध्ये चाहत्यांनी वर्गणी काढली तेव्हा गटप्रमुख रिचर्ड स्पेन्सर यांना सुमारे 24,000 पौंड देता आले. नाव लिहायला आपल्याला दहा सेकंद लागतात. ते लिहा. परवडेल तेव्हा बँडकॅम्पवर एखादा अल्बम विकतही घ्या.

आणि शक्य तेव्हा समोरासमोर ऐकवा. सांगलीत विश्रामबागेत आमच्या घरी महिन्यातून एका रविवारी चार-पाच जण जमतो. प्रत्येकाने एक गाणं आणायचं, लावण्याआधी साथीदारांची नावं सांगायची, वाजताना फोन उलटा ठेवायचा. चहा आणि भडंग दोन गाण्यांच्या मधे. आवडलं नाही तर तसं सांगायचं, पण गाणं संपल्यावर.